बनुबाईच्या ट्रॅक्टरची खांदेमळणी

मी गिऱ्हाइकाला बोलतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं कुणी मला पीर समजायला नको. कोल्हारात नदीच्या पुलाकडं जाणाऱ्या रस्त्याला माझं दुकान आहे. ट्रॅक्टरचे डिझेल पंप खोलायचे, धुवायचे, तोलायचे आणि परत बसवायचे, एवढंच काम. दुसरं काही मला येत नाही आणि आता शिकायचंही नाही. शिवी देत नाही, तेवढी शपथ फरीदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, लग्न झाल्या झाल्या घातली होती. पण बोलतो. टाकीला झाकणाऐवजी चिंधी कोंबणाऱ्याला बोलतो, तापलेल्या पंपावर गार पाणी मारणाऱ्याला बोलतो, आणि "चाचा, कालपर्यंत तर चांगला हुता" म्हणणाऱ्याला तर हमखास बोलतो. अरे बाबा, कालपर्यंत चांगला होता म्हणूनच तर तू आज आलास ना.

लोक तंबाखू मळत ऐकून घेतात, हसतात आणि पुढच्या खेपेला परत माझ्याकडंच येतात. काहीजण तर नुसतं दुसऱ्याला बोललेलं ऐकायला बाकड्यावर येऊन बसतात. त्यांनाही मी बोलतो.

पण मला सांगायचंय ते बनुबाईबद्दल.

बनुबाई कॅनॉलच्या कडेच्या वस्तीवर राहते. तिचा नवरा अंगद माझा जुना दोस्त. ऐन उमेदीत त्यानं तीन सिलिंडरचा लाल ट्रॅक्टर घेतला आणि त्यासाठी बैलजोडी विकली. त्यातल्या ढवळ्या बैलावर त्याचा फार जीव. बैल गेला त्या दिवशी अंगद जेवला नाही, आणि दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरलाच त्यानं ढवळ्या म्हणायला सुरुवात केली. लालभडक ट्रॅक्टर आणि नाव ढवळ्या. मी लई चिडवलं, पण त्यानं नाव काही बदललं नाही.

पंपाचं काही निघालं की अंगद माझ्याकडं यायचा, आणि बाजूला मडगार्डवर बनुबाई ठरलेली. तिला ट्रॅक्टर चालवायला त्यानंच शिकवलं. ते शिकवणं म्हणजे वस्तीला फुकटचा तमाशा होता. कॅनॉलच्या अल्याड उभं राहिलं तरी पल्याडचं सगळं ऐकू यायचं.

"बने, क्लच हळू सोड. हळू म्हनलं ना. हळूचा अर्थ कळतो का तुला?"

"वरडायला काय झालं? मी काय बहिरी हाय?"

"बहिरी न्हाईस म्हनून तर वरडतो. बहिरीला वरडून काय उपेग?"

दोघं दिवसभर अशी भांडायची आणि संध्याकाळी ओट्यावर बसून एकाच डब्यातलं पान लावून खायची. मला त्यांचा हेवा वाटायचा. फरीदा माझ्याशी एवढं भांडत नाही, ती नुसती बघते.

मग अंगद गेला. छातीत कळ आली आणि नगरला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. लेक मोनिका लग्न होऊन नाशिकला. वस्तीवर राहिली बनुबाई, शेजारी पुतण्या गोरक्ष आणि त्याचं घर, आणि शेडात उभा ढवळ्या. गोरक्षकडं स्वतःचा नवा ट्रॅक्टर होता, चुलतीचं रान तोच नांगरून द्यायचा. त्यामुळं ढवळ्या जो उभा राहिला तो राहिलाच. वर्षातून एकदा पोळ्याला त्याची पूजा व्हायची, चावी मारून थोडा वेळ इंजिन चालवायचं, की परत वर्षभर झोप. पहिल्या पोळ्याला तो सुरू झाला. दुसऱ्या पोळ्याला लई खोकला, धूर ओकला, पण सुरू झाला. तिसऱ्या पोळ्याला हूं नाही की चूं नाही.

चौथा पोळा तोंडावर आला तेव्हा बनुबाई माझ्या दुकानी आली. बाकड्याच्या टोकाला बसली आणि खाली बघत हळूच म्हणाली, "बाबाजानभाई, ढवळ्या चालू करून द्याल का?"

"एवढ्या दिवसांनी आठवन झाली व्हय, वहिनी?"

"गोरक्षनं दोन गायी वाढवल्या. पावसात भिजतात बिचाऱ्या. त्याला शेड पायजे. म्हनला, काकू, पोळ्यापर्यंत ट्रॅक्टर चालू झाला तर ऱ्हाऊ दे, न्हाईतर भंगारवाल्याला सांगून ठेवलंय, पोळा झाला की तो टेम्पो घिऊन येईल. त्याचं चुकलं न्हाई, भाऊ. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या गाडीसाठी मी कुठल्या तोंडानं अडून बसू?" मग जरा थांबून म्हणाली, "पन ढवळ्या गेला की माझं रान म्हंजी लोकानं नांगरलेलं रान. मी नुसती बांधावर बसून बघायची. मला चालवता येतो, भाऊ. ह्यांनी शिकवलाय."

ही तीच बाई, जिचा आवाज कॅनॉल ओलांडून यायचा. आता समोर बसून बोलत होती तरी मला कान द्यावा लागत होता. अंगद गेल्यापासून सगळी वस्ती तिच्याशी मऊ बोलायची, आजाऱ्याशी बोलतात तसं. मीही तसाच बोललो. म्हणालो, "काळजी करू नका, वहिनी. हवा धरली असंल. उद्या येतो. तुमी चहा ठिवा, उकळायच्या आत चालू करून देतो."

मिस्त्रीनं असं बोलू नये. पण बोललो.

ढवळ्याची बॅटरी उतरलेली असणार, म्हणून दुसऱ्या दिवशी माझी बॅटरी घेऊन वस्तीवर गेलो. शेडात ढवळ्या उभा होता. टायर बसलेले, पण अंगावर धुळीचा कण नाही. बोनेट पुसलेलं, दिव्यांच्या काचा लखलखीत. बनुबाई त्याला रोज पुसत होती हे दिसतच होतं. तिनं चुलीवर चहा ठेवला आणि मी कामाला लागलो.

डिझेल इंजिनाला हवा सोसत नाही. पाइपात बुडबुडा राहिला की पंप नुसती हवाच दाबत बसतो, पुढं काही जात नाही. म्हणून फिल्टरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारायचा, फेस जाऊन नितळ डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. मी आधी फिल्टर उघडला तर आत काकवीसारखं घट्ट काहीतरी बसलेलं. म्हटलं, जुनं डिझेल आहे, होतं असं. नवा फिल्टर घातला, हवा काढली, पंपापर्यंत डिझेल आणलं. मग नोझलकडं, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोंडांकडं, जाणाऱ्या पाइपांचे नट ढिले करून बनुबाईला चावी मारायला सांगितली. इंजिन फिरलं, पण त्या नटांतून थेंबसुद्धा आला नाही. पंपापर्यंत डिझेल येतंय आणि पंपाच्या पुढं थेंब नाही, म्हणजे चोर पंपातच होता.

तेवढ्यात गोरक्ष गायींची धार काढून आला आणि चुलीकडं बघून म्हणाला, "चाचा, चहा उकळून उतू गेला की."

मी चुलीकडं पाठ केली. पंप काढला, पोत्यात गुंडाळला आणि गाडीला बांधून दुकानात आणला.

पंप खोलला आणि मी चक्रावलो. पंपात एक दांडी असते, तिला आम्ही रॅक म्हणतो. ॲक्सिलेटर दिला की ती सरकते आणि डिझेल वाढतं. इंजिन बंद करायची तार ओढली की ती मागं जाते आणि डिझेल तुटतं. दुसऱ्या पोळ्याला तार ओढून इंजिन बंद केलेलं, तेव्हापासून ही दांडी बंदच्या जागी जी चिकटून बसली होती ती हलायला तयार नव्हती. गंज असता तर मी समजलो असतो. पाणी असतं तरी समजलो असतो. हा तर पिवळसर चिकट थर होता, वार्निशासारखा, नखानं खरवडावा लागत होता. आणि डिझेलच्या आड दुसराच वास. ओळखीचा वास, पण दुकानातल्या ओळखीचा नाही. इतकी वर्षं पंपांत नाक घालून बसलोय आणि मला तो वास सापडेना. सकाळभर माझी चिडचिड झाली.

दुपारी जेवायला गेलो तर पंप पुसलेली चिंधी खिशात तशीच. मी ती काढून हुंगत बसलो.

फरीदा म्हणाली, "ताटावर बसून काय चिंध्या हुंगताय?" घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो, इथं तुमच्यासाठी मराठीत सांगतो. मी चिंधी तिच्या नाकापुढं धरली. तिनं क्षणभर हुंगली आणि म्हणाली, "करडईचं तेल. खवट झालेलं. कढईच्या काठाला वाळून बसतं ते. कढया घासून माझी नखं गेली, मला विचारता?"

मी हातातला घास ताटात ठेवला. करडईचं तेल उघड्यावर राहिलं की वाळून पापुद्रा धरतं, हे तर मलाही माहीत होतं. डिझेलबरोबर ते पंपात गेलं, तिथंच वाळलं आणि दांडीला चिकटून बसलं. पण ट्रॅक्टरच्या टाकीत खायचं तेल आपोआप जात नाही. कुणीतरी ओततं तेव्हाच जातं. आणि ढवळ्या बंद पडला तर फायदा कुणाचा होता? शेड कुणाला पाहिजे होतं? गोरक्षचा तो चहाचा टोमणा मला आठवला आणि माझं डोकं भणभणलं.

राग आला की माझं काम चांगलं होतं, हे एक बरं आहे. सगळा पंप सुटा करून डिझेलमधे भिजत घातला, थर काढला, दांडी लोण्यासारखी सरकायला लागली. आतली दट्ट्या-नळीची एक जोडी कामातून गेली होती ती बदलली. मग पंप तोलायच्या मशिनवर चढवला. तिन्ही नळ्यांत सारखं डिझेल पडताना बघितलं की मला अजूनही मनापासून आनंद होतो. त्या दिवशीही झाला, राग होता तरी.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी पंप आणि बॅटरी घेऊन वस्तीवर गेलो. आधी बनुबाईला विचारलं, "वहिनी, टाकीत डिझेलशिवाय दुसरं काय पडलं हुतं का कधी?"

"न्हाई ओ. डिझेल बी ह्यांनी भरलेलं तेच हाय."

मी टाकी उतरवली. तळाला तोच पिवळा साका. टाकी धुतली, पाइप धुतले, आणि गोरक्ष वैरण घेऊन समोरून चालला होता त्याला हाक मारली.

"गोरक्ष, खरं सांग. टाकीत गोडं तेल वतलंस का तू?"

त्यानं वैरणीचा भारा खाली टाकला. "काय म्हनता, चाचा?"

"करडईचं तेल. आपसूक जात न्हाई ते टाकीत. शेड पायजे हुतं ना तुला?"

त्याचं तोंड एवढंसं झालं. "चाचा, ह्याच ट्रॅक्टरवर मी शिकलो. अंगदनानानं मांडीवर बसवून शिकवलं मला. शेड पायजे हुतं तर मी काकूला तोंडावर मागितलं, चोरून कशाला करू?" आणि भारा उचलून गोठ्याकडं निघून गेला.

मला त्याचं पटलं नाही. मिस्त्री लोकांना आपलाच अंदाज खरा वाटतो, आणि मी तर त्यात जरा जास्तच आहे. पुटपुटत पंप बसवला, टाकी चढवली, ताजं डिझेल भरलं. आता फक्त हवा काढायची राहिली होती. दिवस कलला होता, रस्त्यावरून पोरं बैलाच्या घागरमाळा वाजवत चालली होती.

तेवढ्यात बनुबाई ताट घेऊन आली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतात आणि उद्याचं आमंत्रण देतात. बनुबाईच्या ताटात हळद-तूप, निरांजन आणि एक तांब्या होता. तिनं मला म्हटलं, "तुमी करा तुमचं, मी जरा ह्याचं करते." मग बोनेटला हळद-तूप लावलं, दोन्ही दिव्यांना कुंकू लावलं, ओवाळलं आणि अगदी बैलाच्या कानात बोलावं तसं म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." गोरक्षही गोठ्याच्या दारात हात जोडून उभा होता. राग असला तरी सण सण असतो.

मग तिनं डावा हात लांब करून टाकीचं झाकण फिरवून काढलं आणि उजव्या हातानं तांब्या उचलला.

"घे रं राजा," ती म्हणाली. "ह्यांच्या हातचं न्हाई, पन तेल तेच हाय. माझ्या माहेरच्या घान्याचं."

मला वास आला आणि सगळं एकदम उलगडलं. अंगद दर पोळ्याला ढवळ्या बैलाला वेळूच्या नळीनं करडईचं तेल पाजायचा. बैलाच्या अंगात ताकद यावी म्हणून आपल्याकडं पाजतातच. ते तेल बनुबाईच्या माहेरून, पाथर्डीकडून, घाण्यावरून यायचं. बैल गेला, अंगद गेला, पण पोळ्याचं तेल तिनं चुकवलं नव्हतं. मला ती खोटंही बोलली नव्हती. पोळ्याचा मान होता तो, टाकीत काही पडलं का म्हटल्यावर तो तिला आठवणारच नाही. तीन पोळे तिनं मायेनं तांब्याभर तेल त्याच्या पोटात घातलं होतं, आणि त्या मायेनंच ढवळ्याचा गळा धरला होता.

माझ्या तोंडाशी काय काय आलं ते सांगत नाही. दुसरं कुणी असतं तर कोल्हारपर्यंत ऐकू गेलं असतं. मी गोरक्षकडं बघितलं. त्यानंही बघितलं होतं, त्याचे डोळे मोठे झाले होते, तोंड उघडत होतं. मी नको म्हणून मान हलवली. त्यानं तोंड मिटलं, आणि त्या एका क्षणाला मला माझीच लाज वाटली.

मी दोन ढांगांत पुढं झालो आणि तिच्या हातातला तांब्या धरला. "थांबा, वहिनी. आज पोटात न्हाई द्यायचं. आज खांदेमळणी. आज तेल खांद्याला."

तिनं माझ्याकडं बघितलं. "ह्याला कुठला आलाय खांदा?"

मी तिला पुढच्या चाकाशी नेलं आणि चाक जिथं वळतं ती खीळ दाखवली. "ह्यो बगा. दोन्ही बाजूला हाय. खड्ड्यातला सगळा दनका ह्योच सोसतो. बैलाचा खांदा सुजतो ना, तसा ह्योच झिजतो."

यात खोटं काही नव्हतं. तिथं ग्रीस लावायचं असतं, तेल नव्हे, पण तेलानं बाहेरून काही बिघडत नाही. बनुबाई खाली उकिडवी बसली. तळहातावर तेल घेऊन दोन्ही खांदे तिनं असे चोळले, असे चोळले, की ट्रॅक्टरनं मान हलवली असती तरी मला नवल वाटलं नसतं. चोळता चोळता म्हणाली, "इतकी वर्सं खांदा कोरडाच ठिवला की मी ह्याचा." मी टाकीचं झाकण गच्च लावून टाकलं.

मग तिला सीटवर बसवलं. मी हातपंप मारायला लागलो, आणि गोरक्ष न बोलावता पान्हा घेऊन नोझलच्या नटापाशी येऊन उभा राहिला. बनुबाईनं चावी मारली. इंजिन फिरलं, थांबलं. परत मारली. माझी बॅटरी मोठी होती, पण तिलाही जीव असतो. बनुबाईच्या ओठांवर काहीतरी पुटपुटणं चाललं होतं, आणि उद्या-परवा दारात येणारा तो भंगारचा टेम्पो तिच्याइतकाच मलाही दिसत होता.

"डिझेल आलं, चाचा," गोरक्ष म्हणाला.

नट आवळले. "मारा, वहिनी."

ढवळ्या एकदा शिंकला. मग दुसऱ्यांदा. मग काळ्या धुराचा लोट सोडून असा काही धडधडला की गोठ्यातल्या गायी दावं ओढायला लागल्या. हळूहळू धूर निवळला आणि तीन सिलिंडरचा तो जुना ठेका एकसारखा लागला. बनुबाईनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून त्यावर कपाळ टेकलं. मला लई बरं वाटलं. अंगद आठवला.

मी गोरक्षला बाजूला घेतलं. "मी चुकलो. उगाच तुला बोललो."

"चाचा, तुमी चुकलो म्हनताय? थांबा, वस्तीला बोलावतो," तो म्हणाला. मग तोंडावर हात धरून हसायला लागला. "म्हनून दुसऱ्या पोळ्याला धुराला भज्यांचा वास येत हुता. मला वाटलं, काकूनं भजी केलीत. मी ताट घिऊन गेल्तो."

मग गंभीर होऊन म्हणाला, "भंगारवाल्याला नको म्हनून सांगतो. टायरात हवा भरून देतो. गायींना बाजूनं पत्रे टाकू."

बनुबाई उतरून आली. "बाबाजानभाई, काय बिघाड हुता ओ?"

"डिझेल जुनं झालं हुतं, वहिनी," मी म्हणालो. "उभ्या गाडीचं व्हतं असं."

दुसऱ्या दिवशी पोळा. गावात आता बैलजोड्या थोड्याच राहिल्यात, बाकी मिरवणूक ट्रॅक्टरचीच. झेंडूच्या माळा, फुगे, बेगड, आणि पुढं ढोल. मी आणि फरीदा मारुतीच्या देवळापाशी उभे होतो. ओळीनं सगळे ट्रॅक्टर आले, सगळ्यांवर पुरुष माणसं, आणि मधे लाल ढवळ्या, त्याच्यावर हिरवं लुगडं नेसून बनुबाई. रस्त्यावर तिनं ट्रॅक्टर पहिल्यांदाच काढला होता. देवळापाशी थांबून परत निघताना तिनं क्लच एकदम सोडला. ढवळ्यानं असा हिसका दिला की माळ तुटून पडली आणि नारळ गडगडत गेला. लोकांनी नारळ उचलून दिला. "असू द्या, काकू. असू द्या." सगळे मऊच बोलले. बनुबाई हसली नाही.

दुपारी तिनं आम्हाला जेवायला बोलावलं होतं. मी अंगणात हात धूत होतो. ढवळ्या शेडाच्या तोंडाशी उभा होता, त्याच्यापुढं नैवेद्याची पोळी ठेवलेली. बनुबाई माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "फरीदाभाभींनी सांगितलं मला. करडईचं तेल हुतं."

मी फरीदाकडं बघितलं. ती म्हणाली, "त्यांनी विचारलं, मी सांगितलं. सांगू नको असं तुम्ही कुठं म्हणाला होता?"

"तुमी मला खोटं बोलला, भाऊ," बनुबाई म्हणाली.

"तसं न्हाई, वहिनी. म्हनलं, कशाला उगाच—"

"कोल्हारात असा मानूस न्हाई ज्याला तुमी बोलला न्हाईत. चिंधी कोंबली म्हनून बोलता, पानी मारलं म्हनून बोलता. सरपंचाला बोलला तुमी. मी तीन पोळे टाकीत तेल वतलं, येवढी मोठी चूक केली, तर मला का न्हाई बोलला? मी काय येवढी गेलेली हाय?" तिचा आवाज जरा वर आला होता. "चार वर्सं झाली. ह्ये गेल्यापासून मला कुनी वरडलं न्हाई. भाजी करपली तरी असू द्या, हिशेब चुकला तरी असू द्या. आज सगळ्या गावात क्लचला हिसका दिला, तरी असू द्या. ह्ये असते तर गाव डोक्यावर घेतलं असतं. मला मेल्यावानी वाटतं ओ, भाऊ. आता तरी बोला. गिऱ्हाईक हाय मी तुमचं."

हात धुतलेले होते तरी मी परत धुतले. मग वहिनीबिहिनी सोडून दिलं आणि पोटातून आवाज काढला.

"बनुबाई, ती डिझेलची टाकी हाय का भज्याची कढई? अं? इंजन हाय ते, घान्याचा बैल न्हाई. तेल पाजताय त्याला? उद्या पुरनपोळी घालाल सायलेन्सरमधे. पंपाची दांडी कशी जाम झाली हुती ते येऊन बगा माझ्या दुकानात. खरवडून माझी बोटं गेली. आन क्लच? अंगदनं किती येळा सांगितलं हुतं हळू सोडायचा म्हनून? हळूचा अर्थ कळतो का तुमाला?"

गोरक्ष गोठ्यातून पळत बाहेर आला. शेजारच्या घराची दारं उघडली.

बनुबाई ताठ उभी होती. डोळे भरून आले होते, ते तिनं पुसले नाहीत. पदर कमरेला खोचला आणि जो आवाज मी चार वर्षांत ऐकला नव्हता तो कॅनॉलच्या पल्याड जाईल एवढा काढला.

"वरडायला काय झालं? मी काय बहिरी हाय?"

"बहिरी न्हाई म्हनून तर वरडतो," मी म्हणालो. हे शब्द माझे नव्हते, अंगदचे होते, आणि ते तिलाही कळलं. ती हसायला लागली, रडत रडत हसायला लागली, आणि फरीदा तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

मग पानं वाढली. पुरणपोळीवर तूप वाढता वाढता बनुबाईनं माझ्याशी परत भांडण काढलं, की चहा उकळायच्या आत चालू करतो म्हणाला होता, मग एवढे दिवस काय केलं. मी म्हणालो, जेवू द्या की. ती म्हणाली, जेवा, पन आधी उत्तर द्या.